माठातली पाल

"दोर तुटला तं तुटला. घंटा वाजली नाई म्हणून देव का वाट चुकन? दरसाल येऊन राहिला थो. त्याले रस्ता मालूम आहे."

सत्यवतीबाई हे कोणाला उद्देशून म्हणत नव्हत्या. प्रार्थनाघराच्या मागे भिंतीला पाठ लावून, पायात रुतलेला बोरीचा काटा काढता काढता त्या आपल्याशीच कुरकुरत होत्या. पण भिंत कुडाची, आणि भिंतीच्या आत यमुना हातात तुटका दोर घेऊन उभी होती. तिच्या कानात शब्द न् शब्द पडला. सत्यवतीबाई म्हणजे मनोहरराव मास्तरांची बायको, आणि मास्तर म्हणजे टोलीचे, या ख्रिस्ती वस्तीचे, उपदेशक. मास्तरीण भिंतीमागे जे बोलते तेच मास्तर रविवारी समोर उभे राहून बोलतात, एवढं यमुनेला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं.

घंटा वाजवणं हे यमुनेचं काम. नवरा गेल्यावर टोलीनं तिला ते दिलं, आणि त्याच्यासोबत प्रार्थनाघराची झाडलोट आणि सारवण. रांडव बाईचे हात गुंतलेले बरे, असा टोलीचा हिशेब होता. यमुनेनं मात्र तो मान समजून घेतला आणि आजवर जपला. आता आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी दोर तिच्या हातात तुटून आला होता.

"माय, मी वळून देऊ? मला दोर वळता येतो."

दारात तिची सून उभी होती, शेणाची पाटी कमरेवर घेऊन. प्रेमिला उन्हाळ्यात लग्न होऊन टोलीत आली. नागपूरच्या मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेली पोर. संवत एकोणीसशे छपन्नच्या दुष्काळात कोणीतरी तिला तिथं आणून टाकलं, त्याला आता तप उलटत आलं होतं. तिची भाषा पुस्तकातली, मला-तुलाची. टोलीतल्या बाया पदराआड हसत. बाकीच्या सुना सासूला आत्याबाई म्हणत. हिनं पहिल्या दिवशीच विचारलं, मी तुम्हाला माय म्हणू का, आजवर कोणाला म्हणायला मिळालं नाही. यमुनेनं नाक मुरडलं, आणि त्या दिवशी तिच्या भाकरीवर चटणीसोबत तेलाची धार जरा जास्तच सोडली.

"वळ," यमुना म्हणाली. "घंटा मुकी राहिली तं लोक मले बोलतीन."

कळमेश्वरच्या अलीकडे, नाल्याच्या काठाला ही टोली. मोजकी घरं, एक विहीर, एक प्रार्थनाघर. नाताळाआधीचे चार रविवार आगमनाचे. त्या दिवसांत टोलीत लग्न नाही, ढोलकी नाही, शुक्रवारी मटण नाही आणि भांडण नाही. म्हणजे मोठ्यानं नाही. ज्याच्या मनात काही साचलं असेल त्यानं ते झाडून काढावं, येणाऱ्यासाठी जागा करावी, असं मास्तर सांगत. आणि रस्ता करावा. शास्त्रात प्रभूची वाट नीट करा असं आहे, ते टोलीनं शब्दाला शब्द धरलं होतं. पावसाळ्यात सडकेपासून प्रार्थनाघरापर्यंतची गाडवाट वाहून जाई. आगमनकाळात घरटी माणसं लागून ती मुरूम घालून पुन्हा उभी करत, कारण नाताळाला पाद्रीसाहेबाचा टांगा त्या वाटेनं यायचा. साहेब वर्षातून दोनदाच येई, ईस्टरला आणि नाताळाला, आणि तो आला की प्रभुभोजन होई. भाकरीचा एक एक तुकडा आणि चांदीच्या एकाच पेल्यातून सगळ्यांना एक एक घोट. प्रेमिलेचं टोलीतलं ते पहिलंच भोजन असणार होतं. ती त्याची वाट अशी बघत होती की जसं माहेरचं बोलावणं यायचं आहे.

टोलीतल्या रामाजी बुढ्यानं बाज विणायला अंबाडीचा वाक, दोर वळायचे तंतू, आणून ठेवला होता. प्रेमिलेनं तो मागून आणला, पाण्यात भिजवला आणि प्रार्थनाघरासमोरच्या निंबाखाली बसून दोर वळायला घेतला. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, तळहातावर थुंकली आणि पीळ घालायला लागली. पीळ घालताना ती खांदा पुढे काढी आणि जीभ दातात धरी. दोराचा पदर लांब झाला तसं तिनं यमुनेला हाक मारली, टोक तिच्या हातात दिलं आणि स्वतः वळत वळत मागे मागे सरत गेली. मागे न बघता. जणू पाठीला डोळे आहेत.

विहिरीकडे निघालेल्या बाया थांबल्या. आधी त्यांना कौतुकच वाटलं. एकीनं विचारलं, हे कोणं शिकवलं वं तुले.

"माझ्या बाबांनी," प्रेमिला म्हणाली. "बाबांचा चेहरा मला आठवत नाही. हात आठवतात. मी टोक धरून उभी राहायची आणि ते असे मागे सरत जायचे. दुष्काळात ते गेले. बाकी काही उरलं नाही, एवढं उरलं."

हे तिनं आनंदानं सांगितलं. आश्रमातून टोलीत येताना तिच्याजवळ एक पेटी आणि एक भरतकामाचा रुमाल होता. दोर वळणं ही तिसरी चीज. आणि त्या तिन्हींत ही एकच तिच्या घराण्याची.

रामाजी चिलीम ओढत बघत होता. चिलीम तोंडाशी नेता नेता त्याचा हात थांबला. त्यानं तिच्या अंगठ्याकडे बघितलं, खांद्याकडे बघितलं, मागे सरणाऱ्या पावलांकडे बघितलं. मग तो उठला. चांगला वळते, म्हणाला, आणि उरलेला वाक तिथंच सोडून चालायला लागला. तिनं मागून हाक मारली तर वळूनही न बघता म्हणाला, राहू दे तुलेच. बाया एकेक करून विहिरीकडे गेल्या. 

यमुनेच्या हातात दोराचं टोक होतं. तिनंही तेच बघितलं होतं जे रामाजीनं बघितलं. तिच्या जुन्या गावात असा दोर एकाच जातीचे लोक वळत. यमुनेच्या माणसांची घरं गावाबाहेर, आणि त्यांची त्याच्याही पलीकडे. तिची आई त्यांच्याकडून दोर घेई तो जमिनीवर टाकलेला उचलून. यमुनेनं टोक घट्ट धरून ठेवलं. आपण काही बघितलंच नाही, असं तिनं ठरवलं.

दोर बांधला. संध्याकाळी घंटा वाजली. प्रेमिलेला वाटलं, आवाज आधीपेक्षा खणखणीत आहे. घंटा तीच होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वाटेचे तुकडे पाडून दिले. दरसाल नाल्याचा उतार सगळे मिळून करत, कारण ते सगळ्यांत वाईट काम. थंडीचं पाण्यात उभं राहून दगड रचायचे. यंदा मास्तर म्हणाले की नाला याकोबाच्या घरानं करावा, तरणं जोडपं आहे. याकोब यमुनेचा मुलगा. तो मालगुजाराच्या कापसाच्या गाड्यांवर होता, सकाळी जाई तो दिवेलागणीला परत येई. म्हणजे नाला सासूसुनेच्या वाटणीला आला. यमुनेला यामागचं कारण कळलं. याकोबालाही कळलं असावं, पण तो बैल जुंपायच्या घाईत होता.

त्या दोघी कामाला लागल्या. प्रेमिला पोटऱ्याएवढ्या पाण्यात उतरून दगड लावी, यमुना काठावरून मुरमाचं टोपलं खाली देई. मार्गशीर्षातलं पाणी, पहिल्यांदा पाय जळल्यासारखे होत, मग असून नसल्यासारखे. प्रेमिलेच्या टाचा पांढऱ्या पडल्या, भेगांतून रक्त येई ते पाण्यात दिसत नसे. दोरानं सोललेले तळहात मुरमानं पुन्हा सोलले. वर वाटेवर बाकीची मंडळी कुदळ चालवत, दुरमुस आपटत, एकमेकांची थट्टा करत. नाल्याकडे कोणी फिरकलं नाही.

वाटेच्या मध्यावर पळसाखाली सगळ्यांसाठी पाण्याचा माठ ठेवलेला होता, त्यावर टिनाचा एक मग. ऊन वर आलं तशी प्रेमिला निथळत वर आली. तिनं मग भरला, तोंड लावून पाणी प्यायली, उरलेलं पळसाच्या बुडाशी ओतलं, टिनाचा मग परत माठावर पालथा घातला आणि पुन्हा नाल्यात उतरली. टोलीत सगळे असंच पीत.

त्यानंतर कोणी माठाकडे गेलं नाही. ऊन चढलं. रामाजीनं ओठावरून जीभ फिरवली. एकदोन जणांनी माठाकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं. शेवटी सत्यवतीबाई टोपलं ठेवून यमुनेजवळ आल्या.

"यमुना, माठ उपडा कर वं."

"काहून?"

"तूच कर. तुह्या घरचं आहे."

एवढंच. यमुना पळसाखाली गेली. सगळ्यांचे हात थांबले होते. तिनं माठ आडवा केला. पाणी नव्या मुरमात गेलं आणि मुरूम लाल झाला. आवाज ऐकून प्रेमिला नाल्यातून धावत आली. माय, पाणी का सांडलं, तिनं विचारलं.

सगळी टोली यमुनेकडे बघत होती.

"पाल पडली होती," यमुना म्हणाली.

हे तिच्या तोंडून कसं आलं ते तिलाही कळलं नाही. सुनेच्या तोंडाकडे बघून आलं, एवढंच खरं. प्रेमिलेनं घाबरून पोटावर हात ठेवला, मी आत्ताच प्यायले, म्हणाली, बाकी कोणी प्यायलं नाही ना? मागे कोणीतरी हसलं आणि त्याचा खोकला करून टाकला.

पालीचा जन्म असा झाला. यमुनेनं तिला दयेपोटी जन्म दिला, पण पोसली ती टोलीनं. दुसऱ्या दिवशी रामाजीनं अगदी गंभीरपणे विचारलं, पाल लहान होती का मोठी. कोणी म्हणालं, यंदा पालीच गंज झाल्या, जिकडंतिकडं पाली. प्रत्येकानं घरून आपापला लोटा आणायला सुरुवात केली. पालीचा भरवसा नाही, म्हणाले. प्रेमिलेनं आपला आश्रमातला भरतकामाचा रुमाल माठाच्या तोंडाला बांधला. सकाळी पळसाखालची जागा खराट्यानं झाडून, दगड उचलून बघून मगच ती माठ ठेवी. संध्याकाळी माठ भरलेलाच राही. ती तो डोक्यावर घेऊन परत येई आणि दारातच सासूला सांगे, आज पाल आली नाही.

विहिरीवर बाया तिला दोर धरू देईनाशा झाल्या. तू राहू दे, तुहे हात सोलले आहेत, म्हणत, आणि आपल्या बादलीतून वरून तिच्या घागरीत पाणी ओतत. बादली घागरीला लागणार नाही अशा बेतानं. प्रेमिलेनं घरी येऊन सांगितलं, टोलीतल्या बाया किती चांगल्या आहेत, माय. माझ्या हातांची त्यांना काळजी आहे.

यमुना चुलीपुढे होती. तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि बराच वेळ फुंकत राहिली. जाळ लागलेलाच होता.

लहानपणी ती अशीच घागर घेऊन गावच्या विहिरीच्या ओट्याखाली उभी राहिली होती. हात जोडून. वरून कोणी ओतेल तेव्हा, ओतेल तेवढं. कधी तासतास कोणी येत नसे. पायांना चटके बसू नयेत म्हणून ती आईच्या पावलांवर पावलं ठेवून उभी राही. मग मिशननं नाल्याकाठी ही विहीर खोदली आणि म्हणाले, कोणीही या, आपल्या हातानं काढा. तिच्या बापानं त्या विहिरीसाठी नाव बदललं, देव बदलला. यमुनेच्या घरात देव नंतर आला, विहीर आधी आली.

हे सगळं तिला आठवत होतं. आणि तरीही अलीकडे ती सून उठायच्या आत आपला लोटा वेगळा भरून ठेवत होती. खोकला आहे, जरा कोमट पाणी लागतं, असं तिनं कोणी न विचारता सांगून टाकलं होतं.

आगमनाचा शेवटचा रविवार जवळ आला. मास्तरांनी सांगितलं की भोजनाआधी प्रत्येकानं ज्याचं मन दुखावलं असेल त्याची क्षमा मागावी. मोठी माणसं हे ऐकून होय म्हणत आणि घरी जाऊन जेवत. प्रेमिला मात्र खरंच निघाली. दारोदार गेली. प्रत्येक दारात पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा करा. प्रत्येक घरातून आतल्या आतच उत्तर आलं. नाई वं, तुहं का चुकन. कोणी तिला आत ये म्हटलं नाही. रामाजीनं तेवढं डोकं खाली घातलं. ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता. कोणाच्याच मनात काही नाही माय, ती म्हणाली, आता मी तयार आहे.

दुसऱ्या दिवशी यमुना प्रार्थनाघराला चुना लावत होती. सत्यवतीबाई येऊन शेजारी बसल्या. त्यांनीही एक कुंचला घेतला. 

"आमच्या मनात काई नाई," सत्यवतीबाई म्हणाल्या. "देवापुढे सारे सारखे. हे का मी तुले सांगू? पण लोकाईचं मन मोडून कसं चालन, यमुना. पेला तं सगळ्याईले मिळून एक राहते. थे प्याली, की तिच्या मागून कोण पिईन?"

 कुंचल्यातून चुना यमुनेच्या कोपरापर्यंत ओघळला होता आणि चरचरत होता.

"यंदा घरी राहू दे तिले. पुढच्या ईस्टरले पाहू. काईतरी सांग, तुले सुचते." सत्यवतीबाईंनी कुंचला झटकला आणि वर घंटेकडे बघितलं. "तुहे हातही आता थकले. घंटेचं काम तरण्या बाईले द्या, असं हे म्हणून राहिले होते. मीच म्हटलं, राहू द्या."

संध्याकाळी याकोब जेवायला बसला तेव्हा यमुनेनं त्याच्या कानावर घातलं. प्रेमिला बाहेर बकरी बांधत होती. याकोबानं भाकरी मोडली, कुस्करली, खाल्ली. त्याला सगळं माहीत होतं. गाड्यांवर त्याला विचारत, काहून गा, तुह्या घरचे दोर मजबूत राहते म्हणे.

"तुले दिसन तसं कर," तो म्हणाला.

"बायको तुही आहे, याकू."

"मले त्याईच्यातच काम करा लागते, माय."

त्यानं हात धुतले. पाण्यासाठी हात पुढे केला. समोर प्रेमिलेनं भरून ठेवलेली घागर होती आणि बाजूला आईचा लोटा. त्यानं लोटा उचलला. यमुनेनं बघितलं. त्यानं बघितलं की तिनं बघितलं. मग तो अंगणात जाऊन बैलांशी बोलत बसला.

बकरी व्यायला झाली आहे, नाताळाच्या दिवशी घरी कोणीतरी लागेल, असं यमुनेनं सुनेला सांगितलं. सांगताना ती डाळ निवडत होती, म्हणून वर बघावं लागलं नाही.  प्रेमिला म्हणाली, मी तयारी केली होती, माय. आणि लगेच म्हणाली, पण बकरी मुकं जनावर आहे. यमुनेनं डाळीतले खडे पुन्हा डाळीतच टाकले, तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

नाताळाच्या सकाळी पाद्रीसाहेबाचा टांगा आला. नाल्याच्या उतारावर दरसाल त्याची टोपी पडे. यंदा चाक असं गेलं की घोड्यालाही कळलं नाही. साहेब खाली उतरून परत मागे गेला, बुटानं मुरूम दाबून बघितला आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. सगळ्या मंडळीनं, मास्तर म्हणाले. यमुना घंटा वाजवत होती. साहेबाचं लक्ष दोराकडे गेलं. त्यानं तो हातात घेऊन पीळ चाचपला. हा कोणी वळला?

यमुनेच्या हातून घंटेचा ठोका चुकला.

"सुनेनं," ती म्हणाली.

प्रेमिलेचा बाप्तिस्मा साहेबानंच केला होता, लग्नही त्यानंच लावलं होतं. ती कुठं आहे, त्यानं विचारलं. मास्तरांनी सांगितलं की तिची तब्येत बरी नाही. साहेब म्हणाला, मग मी आधी तिच्यासाठी प्रार्थना करतो, आणि थेट यमुनेच्या घराकडे चालायला लागला. मागे सगळी टोली.

प्रेमिला बकरीजवळ बसली होती. तब्येत चांगली आहे, ती म्हणाली, बकरी व्यायची आहे म्हणून थांबले. साहेब शेतकऱ्याच्या घरातला. त्यानं बकरीच्या पोटाखाली हात घालून बघितलं आणि हसला. हिला अजून पुष्कळ अवकाश आहे, तू चल. प्रेमिलेनं सासूकडे बघितलं. यमुना बकरीकडे बघत होती.

प्रार्थनाघरात चुन्याचा वास होता. पुरुष एका चटईवर, बाया एका. साहेबानं आपल्या पुस्तकी मराठीत उपदेश केला. तो वाटेबद्दल बोलला. वाटेतली सर्वांत खोल जागा ज्या हातांनी भरली ते हात त्याला दिसत आहेत, म्हणाला. मग त्यानं एक बदल केला, आणि मास्तरांना तो उमगेल तेवढ्या वेळात करूनही टाकला. दरवर्षी आधी मास्तर येतात, साहेब म्हणाला. आज प्रेमिलेनं सर्वांच्या आधी यावं.

ती उठली. वेदीपुढच्या कठड्याशी गेली, गुडघे टेकले. सोललेले तळहात एकावर एक ठेवून भाकरीचा तुकडा घेतला. मग साहेबानं पेला तिच्या ओठांना लावला आणि ती प्यायली. डोळे मिटून, हळू, वाटेवर माठातलं पाणी प्यायली होती तशी. साहेबानं पेल्याची कड पांढऱ्या कापडानं पुसली आणि मंडळीकडे वळला.

"या," तो म्हणाला.

कोणी उठलं नाही.

साहेबानं मास्तरांकडे बघितलं. मास्तर पुस्तकाची पानं लावत होते. सत्यवतीबाईंना खोकला आला. रामाजीनं गाल धरला, त्याचा दात दुखत होता. दुसऱ्या एकाचं पोट. एकीनं मांडीवरचं झोपलेलं पोर थोपटायला घेतलं. याकोब पुरुषांच्या चटईच्या टोकाला बसला होता आणि चटईची एक काडी उपसत होता. उपसता उपसता ती लांब निघत आली. साहेब पेला धरून उभा राहिला. बाहेर टांग्याचा घोडा मान हलवी, त्याच्या घुंगरांचा आवाज आत येई.

"या," साहेब पुन्हा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त आता ते कोणीतरी विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

प्रेमिला अजून गुडघ्यांवरच होती. तिनं मागे वळून बघितलं. एका चटईकडे, मग दुसऱ्या. तिच्या कपाळाला आठी पडली. तिनं मान उंच करून साहेबाच्या हातातल्या पेल्यात बघितलं, आणि हळू आवाजात, कोणाला त्रास होऊ नये अशा बेतानं विचारलं.

"साहेब, त्यात पाल पडली का?"

मागे कोणीतरी हसलं. यावेळी त्याचा खोकला झाला नाही. हसू तसंच राहिलं, आणि दुसऱ्या चटईवरूनही एक आलं.

यमुना उठली. आपण उठलो हे तिला उठल्यावर कळलं. सत्यवतीबाईंचा हात तिच्या लुगड्याला लागला, तो तिनं सोडवला नाही. ती चालली तसा तोच सुटला. चटया आणि कठडा यांच्यामध्ये उघडी जमीन होती, तिनंच काल सारवलेली. त्या जमिनीवर ती थांबली. पुढे पेला होता. पाय तिथून पुढे येईनात. सून तिच्याकडे बघत होती, कोणी सांगेल ते खरं धरणाऱ्या डोळ्यांनी.

"पाल नोहे, साहेब," यमुना म्हणाली. "पाल कधी पडलीच नाई. माठ म्या उपडा केला. हे पोरगी मांगाची आहे, अन् आमी महार. हिच्या तोंडचं पाणी आमाले चालत नाई."